आपल्या कथेतला माणूस काय काम करतो?

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की दोन प्रश्न हमखास पुढे येतात. हे साहित्य वेगळे मानावे की मराठीच्या मुख्य प्रवाहातच त्याची गणना करावी, हा पहिला. या साहित्यातून प्रकट होणारी मुस्लिम जाणीव नेमकी कोणती, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांवर परिसंवाद झडले, विशेषांक निघाले, प्रबंधही लिहिले गेले. ते आवश्यकच होते. प्रस्तुत लेखात मात्र मला तिसराच प्रश्न विचारायचा आहे आणि तो इतका साधा आहे की समीक्षेत त्याला सहसा जागा मिळत नाही. आपल्या कथेतला माणूस काय काम करतो? फजरनंतर तो कुठे जातो, कोणत्या वस्तूला हात लावतो, माल कोणाकडून उधार उचलतो, कोणाला विकतो, आणि रात्री गल्ला मोजताना त्याच्या डोक्यात काय चाललेले असते?

वार्षिकांतून आणि दिवाळी अंकांतून येणाऱ्या आपल्या लेखकांच्या कथा मी अलीकडे हा प्रश्न मनाशी धरून वाचल्या. बहुतेक कथांचा नायक नोकरदार असतो, नाहीतर नोकरीच्या शोधात असतो, नाहीतर त्याच्या कामाचा पत्ताच लागत नाही. त्याला भाड्याने घर मिळत नाही. बालपणीचा मित्र दंगलीनंतर नजर चुकवतो. त्याच्या बहिणीला तीन शब्दांत माहेरी धाडले जाते. कचेरीत कोणी सहज बोलल्यासारखे बोलून जाते आणि तो रात्रभर जागा राहतो. या कथा खोट्या आहेत असे कोण म्हणेल? हे सगळे आपण सोसले आहे. पण दिवसाचे बारा तास आपला समाज जिथे घालवतो ती जागा या कथांत रिकामी आहे. नायक दुखावला जातो, आठवतो, विचार करतो. तो पाट्या उचलत नाही, भाव करत नाही, हात काळे करत नाही.

आता धाराशिवसारखे शहर घ्या. २०११ च्या जनगणनेत लाखाच्या थोडी वर वस्ती, कारखानदारी जेमतेम. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातले जे जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले त्यांत महाराष्ट्रातले चार होते, आणि नंदुरबार, वाशीम, गडचिरोली यांच्या पंक्तीत आपला होता. मागासलेपणाला इतके गोंडस नाव शोधणाऱ्याची भाषेची जाण मात्र मानली पाहिजे! अशा गावात मुसलमान काय करतो? तो फळांची गाडी लावतो, मटणाचे दुकान चालवतो, वेल्डिंगचे शटर वर करतो, बेकरीची भट्टी पेटवतो, सेंट्रिंग ठोकतो, फरशी बसवतो, गाद्या भरतो, रिक्षा चालवतो, मोबाईल उघडून भिंग लावून बसतो. हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसाच्या दिवसांत तो दर्ग्याच्या वाटेवर चार दिवसांचे दुकान मांडतो. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात देशातल्या मुस्लिम श्रमिकांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात असल्याचे नोंदवले. स्वयंरोजगार हा शब्दही ‘आकांक्षित’च्याच घराण्यातला. त्याचा साधा अर्थ असा की महिन्याच्या एक तारखेला यांना पगार देणारे कोणी नाही. आपल्या कथेतल्या माणसाला मात्र बहुधा तो मिळत असतो.

आपली आडनावेच पाहा ना. बागवान, तांबोळी, अत्तार, मणेर, पिंजारी, नदाफ, शिकलगार, मोमीन, मुलाणी, कुरेशी. हजेरी घेताना मला कधी वाटते की मी वर्गात उभा नसून बाजारपेठेतून चाललो आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’मध्ये, म्हणजे १९१५ साली, गावकीच्या कामांत मुलाण्याची नोंद होते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये ‘मुलाण्याचा बकस’ आहे, ‘तांबोळ्याची खाला’ आहे. ही माणसे ज्या नावाने गावात ओळखली जात त्याच नावाने ती पुस्तकात आली आणि ते नाव कामाचे होते. ‘बनगरवाडी’तला आयबू मुलाणीही तसाच. माडगूळकरांना मुस्लिम मनाचा ठाव लागला की नाही यावर वाद होऊ शकेल. त्यांनी ही माणसे बाहेरूनच पाहिली, ती बहुधा गरीब आणि गोड निघाली. ही मर्यादा मला मान्य आहे. पण बाहेरून पाहणाऱ्याला जे सर्वांत आधी दिसले, ते आतून लिहिणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना दिसले नाही.

अपवाद आहेत आणि ते मोठे आहेत. आमच्या शेजारच्या बार्शीत १९१६ साली जन्मलेले अमर शेख मोटारीवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते. त्यांच्या आवाजातला कष्टकरी पुस्तकातून आलेला नव्हता. हमीद दलवाई यांच्या सामाजिक भूमिकेविषयी आपल्या समाजात आजही दुमत आहे आणि ते मिटेल असे वाटत नाही; पण ‘इंधन’ ही १९६५ ची कादंबरी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. कोकणातल्या त्या गावातली तेढ धर्माच्या नावाने पेटते खरी, तिच्या तळाशी मात्र जमीन आहे, खोती आहे, बदललेले मानपान आहे. कोण कोणाची जमीन कसतो आणि कोण कोणापुढे वाकत नाही, हे कळल्याशिवाय त्यातली आग कळत नाही. दलवाईंचे भाषण विसरले तरी चालेल, ही कारागिरी आपल्या कथाकारांनी घ्यायला हवी होती. फ. म. शहाजिंदे यांनी एकीकडे ‘निधर्मी’ लिहिले आणि दुसरीकडे ‘शेतकरी’. मराठवाड्यातला मुसलमान मातीतही उभा आहे, हे त्या दुसऱ्या शीर्षकातच आले. विदर्भातले अजीम नवाज राही आपल्या संग्रहाला ‘व्यवहाराचा काळा घोडा’ असे नाव देतात तेव्हा मोहल्ल्याची कविता आणि रोजच्या देण्याघेण्याचा हिशेब एका ठिकाणी येतो. कविता या बाबतीत कथेच्या पुढे आहे, असे माझे मत आहे. कथा मागे का राहिली?

एक कारण उघड आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांच्याकडे होते. दोन्ही घटना अभिमानाच्या. पण तो काळ आठवा. शहाबानो प्रकरण होऊन पाच वर्षे झाली होती, अयोध्येचा प्रश्न तापत होता, आणि दोनच वर्षांत डिसेंबर १९९२ यायचा होता. चहूबाजूंनी प्रश्न विचारले जात होते, आणि आपले साहित्य उत्तरे देण्यात गुंतले. तुम्ही कोण, कुठले, कोणाच्या बाजूचे? उत्तर देणाऱ्याला प्रश्नकर्त्याचीच चौकट वापरावी लागते. प्रश्नकर्त्याने धंद्याविषयी काही विचारलेच नव्हते.

दुसरे कारण जरा अडचणीचे आहे, कारण ते आपल्याच बिरादरीचे आहे. बिरादरी म्हणजे लेखकांची. आपल्यापैकी बरेच जण मास्तर आहेत. पठाण सर प्राध्यापक, प्रा. फकरुद्दीन बेन्नूर सोलापूरच्या संगमेश्वर महाविद्यालयात प्राध्यापक, आणि त्यांच्यामागून आलेले आम्ही डी.एड., बी.एड.वाले. उर्दू माध्यमातल्या मुलासमोर पिढ्यान्‌पिढ्या एकच मोठे स्वप्न ठेवले गेले, शिक्षकाच्या नोकरीचे. २०१३ पासून टीईटी आली, पुढे पवित्र पोर्टल आले, भरतीच्या वाटेवर पदवीधरांचे तांडे बसून राहिले. तरी ते स्वप्न पुरते उतरलेले नाही. ज्याला नोकरी लागली तो बापाच्या दुकानातून सुटला, अशी घरादाराची भावना असते. सुटलेल्याला मागे वळून दुकानाविषयी लिहावेसे वाटत नाही. बेन्नूर सरांनी मुस्लिम समाज एकजिनसी नाही, त्यात जाती आहेत, व्यवसाय आहेत, थर आहेत, हे आयुष्यभर सांगितले. समाजशास्त्राने ते ऐकले. आपल्या कथेने मात्र व्याख्यान संपल्यावर टाळ्या वाजवल्या आणि ती घरी गेली.

न लिहिलेले किती आहे याचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण देतो. आपल्या जिल्ह्यातल्या कळंब तालुक्याचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा असंख्य मुलांनी शाळेत वाचली आहे. टोमॅटोला भाव नाही म्हणून बाप भर बाजारात आपलाच माल पायाखाली तुडवतो आणि मुलगा पाहत राहतो. शेतकऱ्याच्या बाजूने बाजार कसा दिसतो, हे त्या कथेने कायमचे दाखवून ठेवले. पण बाजाराला दुसरी बाजू असते. पहाटे लिलावात उभा राहणारा, अडत्याच्या खात्यावर माल उचलणारा हातगाडीवाला तिथे असतो आणि आपल्या भागात तो पुष्कळदा बागवान असतो. त्याचे भांडवल हातउसने असते. सकाळी उचललेले पैसे संध्याकाळी जास्त करून परत द्यायचे, ही रीत. म्हणजे सूद. सूद हराम आहे हे तो जुम्म्याच्या बयानात ऐकतो, मान खाली घालतो आणि शनिवारी पहाटे पुन्हा पैसे उचलतो. माल नासका, दिवस एकच. ऊन वाढले तर केळी काळी पडतात. यातून सुटायला गल्लीतले दहा-वीस जण भिशी लावतात. साधी भिशी असेल तर प्रश्न नाही, ज्याचा नंबर त्याला रक्कम. लिलावाची भिशी असेल तर गरजू माणूस कमी रक्कम पत्करून आधी उचलतो आणि सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जातात. आता हे सूद की नाही? मशिदीच्या पायरीवर यावर वाद होतात, मौलवींना विचारले जाते, कोणी भिशीतून बाहेर पडतो, कोणी डोळे मिटून राहतो. ईमान आणि पोट यांची ही ओढाताण रोजची आहे, खरी आहे, आणि तिच्यात खलनायक कोणी नाही. चंदनशिवांनी ती लिहायची नव्हती. ती आपली होती.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. आमच्या घरी दखनी चालते, मदरशात आणि शाळेत उर्दू. मराठी कुठे? मराठी आपल्याला गिऱ्हाइकाने शिकवली. सकाळची पहिली विक्री झाली की हातगाडीवाला घरच्या माणसाला ‘बोहनी हुई’ म्हणतो आणि गिऱ्हाइकाला ‘भवानी तुमच्या हातची’ म्हणतो. तुळजापूर इथून पंचवीसेक किलोमीटर. त्या शब्दाने कोणाच्या अकीद्याला धक्का बसल्याचे मी तरी ऐकले नाही. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली हात घालून बोटे दाबत भाव ठरवायची ‘हत्ता’ पद्धत आहे. त्यात घेणारा कुरेशी, विकणारा धनगर नाहीतर मराठा, आणि दोघांत एक शब्द न बोलता सौदा होतो. कथाकाराला यापेक्षा काय हवे? काळी, बहुधा जुळी करडे देणारी उस्मानाबादी शेळी याच व्यवहाराचा कणा आहे. २०२३ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव सरकारी कागदांवर धाराशिव झाले, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांना चार दिवस काम मिळाले. शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. या नामांतरावर आपल्याकडे लेख निघाले, निवेदने निघाली. जुने नाव पुसून नवे नाव लिहिणाऱ्या पेंटरवर कथा निघाली असती तर ती दहा निवेदनांवर भारी पडली असती.

आता सर्वांत अवघड जागा. सप्टेंबर १९४८. हैदराबाद संस्थान भारतात आले आणि त्या पोलीस ॲक्शनच्या मागोमाग जे घडले त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले. गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे उरलेले तीन. अहवाल कित्येक दशके बंद राहिला, २०१३ मध्ये तो जनतेला पाहायला मिळाल्याच्या बातम्या आल्या. रझाकारांनी त्याआधी जे केले तेही इतिहासात आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण मला इथे अहवालातल्या दोन गोष्टींकडे लक्ष वेधायचे आहे, कारण दोन्ही धंद्याशी निगडित आहेत. पहिली लातूरची. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा झाला १९८२ ला. तिथे कच्छी मुसलमानांची मोठी पेठ होती आणि समिती पोचली तेव्हा दहा हजारांच्या वस्तीत जेमतेम तीन हजार माणसे उरली होती, असे अहवाल म्हणतो. एक पेठच्या पेठ नाहीशी झाली. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे आणि ती माझ्या मनातून जात नाही. समितीने नोंदवले आहे की काही व्यवसायांत आपसातला जिव्हाळा फार होता; हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले, त्यासाठी जबर किंमत मोजली, प्राणही दिले.

अहवालात हे दोन-तीन ओळींत संपते. विणकराने विणकराला का वाचवले? एका मागावर बसणारा दुसऱ्या मागावर बसणाऱ्यात काय पाहतो? सूत एका व्यापाऱ्याकडून येते, मजुरी एकाच दराने मिळते, मंदी आली की दोघांच्या चुली एकाच दिवशी विझतात, हे त्याचे उत्तर असेल काय? इतिहासकार पुराव्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. कादंबरीकार जाऊ शकतो, किंबहुना त्याचे कामच ते. पण त्यासाठी लेखकाला माग ठाऊक पाहिजे. धोटा कसा फिरतो, ताणा कसा भरतात, सूत तुटले तर काय करतात हे ठाऊक नसलेला लेखक त्या रात्रीच्या दारापर्यंत जाईल आणि तिथे ‘माणुसकी’ हा शब्द लिहून परत येईल. आपल्या पुष्कळ कथांत हिंदू शेजारी मुस्लिम कुटुंबाला वाचवतो आणि दर वेळी कारण तेच, माणुसकी. असेलही. पण वाचकाला ते पटत नाही, कारण दंगलीच्या आदल्या दिवशी ते दोघे एकमेकांशी काय व्यवहार करत होते हे लेखकाने सांगितलेले नसते. बाजारात बहिष्काराची भाषा आता उघडपणे ऐकू येते, तेव्हा तर हे सांगणे अधिकच गरजेचे आहे. बहिष्कार घालणाऱ्याला तो धागा कुठे आहे हे नेमके ठाऊक असते.

काहींना वाटेल, साहित्याने धंद्याचे बारकावे का वाहावेत? या जिल्ह्याने तरी हा प्रश्न विचारू नये. तेर इथेच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तगर नावाने ही पेठ इतकी नामांकित होती की ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’मध्ये इथून भडोचला गाड्या भरून कापड जात असल्याचे लिहिले आहे. आणि गोरोबाकाका याच तेरचे. त्यांची भक्ती माती तुडवत झाली. थापटण्याने संतांची डोकी तपासून कोणते मडके कच्चे आणि कोणते भाजलेले हे त्यांनी सांगितल्याची कथा पोरासोरांना माहीत आहे. नामदेवच कच्चे निघाले! कुंभाराचे हत्यार समीक्षेचे हत्यार झाले. सावता माळ्याचा मळा, सेना न्हाव्याचा आरसा, हे सगळे मराठीने कवितेत घेतले. म्हणजे मराठीची ही जुनी रीत आहे.

उर्दूचीही आहे. ‘शहर आशोब’ हा काव्यप्रकारच शहराच्या दुर्दशेचा, आणि त्यात नजीर अकबराबादींनी आग्र्याची बेकारी लिहिताना एकेक पेशा घेतला, कोणाचे हात कसे रिकामे बसले ते सांगितले. नजीर स्वतः मुलांना शिकवून पोट भरत. म्हणजे मास्तरकी हे काही न लिहिण्याचे निमित्त होऊ शकत नाही. हबीब तन्वीर यांनी १९५४ साली त्यांच्यावर ‘आगरा बाजार’ हे नाटक बसवले. त्यात एक ककडीवाला आहे. त्याची ककडी खपत नाही, म्हणून तो ककडीवर कविता लिहून द्या म्हणत शायरांमागे फिरतो. थोर शायर त्याला उडवून लावतात. अखेर नजीर लिहून देतात आणि ककडी खपते. नजीर मियाँ त्या नाटकात रंगमंचावर येतच नाहीत, आणि हीच त्यातली गंमत. बाजारातल्या प्रत्येकाच्या तोंडी मात्र त्यांची कविता असते. परक्या मुलखातले सांगायचे तर नगीब महफूज यांनी १९४७ मध्ये कैरोतल्या एका बोळावर कादंबरी लिहिली. न्हावी, मिठाईवाला, कॅफेचा मालक, बेकरीवाली. तो बोळ आपल्या कोणत्याही गल्लीएवढाच अरुंद आहे.

स्त्रीविषयी तर बोलायलाच हवे. आपल्या कथेतली स्त्री तलाकच्या कागदासमोर उभी असते किंवा बुरख्याच्या आत. शिलाई मशीनवर ती क्वचित दिसते. वास्तविक आमच्या मोहल्ल्यातली निम्मी घरे ब्लाउज, पिको-फॉल, शिकवण्या आणि पापडांवर तगून आहेत. ज्या दिवशी तिच्या मशीनचे पैसे नवऱ्याच्या रिक्षापेक्षा जास्त होतात त्या दिवशी घरात आवाज कोणाचा चढतो, कोणाचा उतरतो? तलाकच्या कथेचे अर्धे कारण तिथे सापडेल. सुधारणावादी लेखकाला तिचे अश्रू दिसले, धार्मिक लेखकाला तिची हया दिसली. बॉबिन कोणालाच दिसली नाही.

यावर एक आक्षेप मी स्टाफरूममध्ये ऐकला आहे आणि तो टाकाऊ नाही. मुसलमान म्हणजे पंक्चरवाला, असा टोमणा समाजमाध्यमांतून रोज मारला जातो. आपणच गॅरेज आणि हातगाड्या लिहू लागलो तर त्याच टोमण्याला बळ मिळणार नाही काय? आपले डॉक्टर, इंजिनियर, अधिकारी लिहा ना! मुलांपुढे ते आदर्श हवेत हे खरे. पण टोमणा मारणारा पंक्चरच्या कामाला हसत नाही, तो काम करणाऱ्याला नाव नसलेला, चेहरा नसलेला समजतो. साहित्याने त्याला पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुड्याची वाट पाहणारा एक विशिष्ट माणूस केले, तर टोमण्याची धार जाते. शिवाय ही लाज बाहेरूनच आली आहे असेही नाही. आपल्यातच कामाचे आडनाव सोडून शेख लावणारे आहेत, आणि सोयरीक ठरताना सय्यदांच्या घरात पिंजाऱ्याचे नाव कसे उच्चारले जाते हे सर्वांना ठाऊक आहे. मजा अशी की जी नावे लाजेने झाकली तीच पुढे कामाला आली. मुस्लिम ओबीसींच्या चळवळीने १९९० च्या दशकात हक्क मिळवले आणि मग १९६७ पूर्वीचा पुरावा शोधायला लोक शाळेच्या जनरल रजिस्टरपाशी आले. तिथे आजोबांच्या नावापुढे नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. पेशा कोणी लिहिलाच नव्हता. पुढे २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकाळातली कागदपत्रे वाचायला मोडीबरोबर उर्दू जाणणारी माणसेही लागली. उर्दूने रोजगार मिळतो काय, असे विचारणाऱ्यांना तेवढे तरी उत्तर मिळाले.

रजिस्टरात जसा तो रकाना रिकामा, तसाच कथेत. मी नववीच्या मुलांना गेल्या दोन वर्षांपासून एक काम देतो. घरात चालणाऱ्या धंद्यातले पाच शब्द आणायचे आणि त्यांवर मराठीत दहा ओळी लिहायच्या. शुद्धलेखनाचे गुण कापत नाही. कल्हईवाल्याच्या नातवाने नवसागर आणि कथील आणले. बेकरीवाल्याच्या मुलाने खमीर आणला, शिलाई करणाऱ्या आईच्या मुलीने काज, अस्तर, तुरपाई. गवंडीकाम करणाऱ्याच्या मुलाने ओळंबा, गुण्या, थापी हे शब्द आणले आणि ओळंबा भिंतीला कसा लावतात ते फळ्यावर काढून दाखवले. मी त्याला उर्दू शब्द विचारला. त्याला आला नाही, वर्गातही कोणाला आला नाही. लुगतीत ‘साहूल’ मिळाला. दुसऱ्या दिवशी पोरगा सांगत आला की अब्बांना साहूल माहीत नाही, ते ओळंबाच म्हणतात, दादाही ओळंबाच म्हणायचे.